वाचलेले जेवण कोणाचे?

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ज्या दिवशी सुरू होतो तो राखेचा बुधवार जवळ आला की ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ख्रिस्ती घरांत, धर्मग्रामांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजाच्या) बैठकांत आणि तरुणांच्या मेळाव्यांत उपवासाचा वाद दरवर्षी नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते की पोटाचा उपवास जुन्या काळापुरता ठीक होता. आता मोबाईल, मालिका, राग आणि चहाड्या सोडाव्यात, तोच आजचा खरा उपवास. दुसरी बाजू नियमावर बोट ठेवते: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, शुक्रवारी मांस वर्ज्य, एवढे पाळले की कर्तव्य संपले. तिसरा सूर नेरूळ-खारघरकडच्या काही स्वतंत्र मंडळ्यांत, म्हणजे चर्चांत, ऐकू येतो: एकवीस दिवस उपास-प्रार्थना करा, म्हणजे अडलेली नोकरी, रखडलेला व्हिसा, घराचे कर्ज, सगळे मार्गी लागेल. या तिन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण माझ्या मते तिघींच्याही बोलण्यातून एकच गोष्ट निसटली आहे. ज्या दिवशी आपण जेवत नाही, त्या दिवशीचे आपले जेवण कोणाकडे जाते? ख्रिस्ती उपवासाचा अर्थ या प्रश्नाशी बांधलेला आहे, आणि तो प्रश्न सोडून केलेली चर्चा कितीही तावातावाने झाली तरी मूळ विषयाला स्पर्श करत नाही.

हे माझे वैयक्तिक मत नाही, फार जुनी शिकवण आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात उपवासाची रीत अगदी व्यवहाराच्या भाषेत सांगितली आहे: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. त्याच शतकात अथेन्सच्या अरिस्तिदेसने रोमन सम्राटासमोर ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना त्यांची ओळख म्हणून जी लक्षणे सांगितली, त्यांत एक असे होते की त्यांच्यात कोणी गरीब असेल आणि द्यायला जादा अन्न नसेल, तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपाशी राहून त्याच्यासाठी अन्न उभे करतात. पाचव्या शतकात रोमचे बिशप संत लिओ यांनी आपल्या प्रवचनांतून हेच सूत्र मांडले: उपवास करणाऱ्याने जे टाळले, तेच गरिबाचे जेवण व्हावे. आणि या सगळ्यांच्या मागे यशया संदेष्ट्याचा अठ्ठावन्नावा अध्याय उभा आहे, ज्यात देव विचारतो की मान बोरूसारखी लववून गोणपाट व राख पसरून बसणे यालाच तुम्ही उपास म्हणता काय. मला हवा तो उपास म्हणजे जोखडाची बंधने तोडणे, आपली भाकरी भुकेल्याला वाटणे, निराश्रिताला घरात घेणे. प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी ओळीने, एकाच श्वासात सांगितल्या. आपण मात्र त्या वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवल्या आहेत.

मोबाईल-उपवासवाल्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. त्यांच्या बाजूला मोठी साक्ष आहे. 387 साली अंत्युखिया शहरात करवाढीच्या रागातून दंगल उसळली आणि लोकांनी सम्राट थिओडोसियसचे पुतळे फोडले; सम्राट आता शहराला काय शिक्षा देणार, या भीतीत अख्खे शहर होते, आणि तो काळ ईस्टरपूर्व उपवासाचा होता. त्या दिवसांत तिथले धर्मगुरू संत योहान क्रिसोस्तोम यांनी प्रवचनांतून लोकांना सांगितले की नुसते तोंड उपाशी ठेवू नका. डोळे, कान, हात, पाय यांनाही उपवास घडू द्या, कारण पक्षी आणि मासे खायचे टाळून आपल्याच भावाचे लचके तोडत बसलात तर काय मिळवले? हे वाक्य आज समाजमाध्यमांवरच्या निंदानालस्तीला तंतोतंत लागू पडते, आणि जो तरुण चाळीस दिवस ती थांबवतो त्याने काहीतरी खरे केले आहे. पण क्रिसोस्तोम हे कोणाला सांगत होते? दिवसभर अन्नाला न शिवलेल्या माणसांना. तोंडाचा उपवास सोडून द्या, त्याच्या जागी डोळ्यांचा धरा, असे त्यांनी कधीच म्हटले नाही; पहिला मजला उभा असलेल्या लोकांना ते दुसऱ्या मजल्याविषयी सांगत होते. आपण पहिला मजला पाडून दुसरा बांधायला निघालो आहोत. शिवाय मोबाईल बाजूला ठेवल्याने कोणाच्याही ताटात काही पडत नाही. त्यातून वेळ वाचतो, डोळे निवतात, झोप चांगली लागते, हे सगळे माझ्याच पदरात. ज्या त्यागाचा सगळा लाभ त्याग करणाऱ्याकडेच परत येतो, त्याला आरोग्याची सवय म्हणावे. ती जरूर लावून घ्यावी, पण उपवासाचे नाव तिला देऊ नये.

याहून धारदार आक्षेप मत्तयच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायाचा आहे. उपवास करताना ढोंग्यांसारखे म्लानमुख होऊ नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपवास माणसांना नव्हे तर गुप्तवासी पित्याला दिसेल, असे प्रभू स्वतः सांगतो. मग उपवास ही प्रत्येकाची खासगी बाब नव्हे काय? धर्मग्रामाने एक दिवस ठरवून सगळ्यांनी एकत्र उपाशी राहावे, हे सांगणे म्हणजे परूशांची, त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथाचीच वाट नव्हे काय? या आक्षेपात सत्य आहे, कारण दिखाऊ उपवास हा नुसता निरुपयोगी नसतो, तो माणसाला गर्विष्ठ करतो. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून मंदिरात स्वतःची थोरवी गाणारा परूशी लूकच्या शुभवर्तमानात आपल्याला भेटतोच. पण त्याच सहाव्या अध्यायात प्रार्थनेविषयीही हेच सांगितले आहे: खोलीत जा, दार लाव, गुप्तपणे प्रार्थना कर. त्यावरून रविवारची उपासना बंद करावी, असे कोणी म्हणत नाही. अंत्युखियाच्या मंडळीने पौल आणि बर्णबा यांना सेवेसाठी पाठवले तेव्हा मंडळी मिळून उपवास करत होती, असे प्रेषितांची कृत्ये सांगते. पहिल्या पिढ्यांतल्या ‘दिदाखे’ या लहानशा नियमग्रंथाने बुधवार आणि शुक्रवार हे उपवासाचे वार ठरवून दिले आणि मंडळीने ते पाळले. येशूचा रोख प्रेक्षक शोधणाऱ्या वृत्तीवर आहे. सगळेच उपाशी असले की प्रेक्षक उरतच नाही.

2025 साली रमजान आणि आपला उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाले. ठाणे स्थानकाहून मुंब्र्याकडे लोकलने जाणाऱ्या कोणालाही त्या दिवसांत दिसले असेल की सूर्यास्ताच्या वेळी डब्यात एखादा खजुराची पुडी उघडतो आणि शेजारच्या अनोळखी माणसापुढेही धरतो. आपल्या काही तरुणांनी तेव्हा विचारले की असे काही आपल्यात का नाही. त्यावर त्यांना मिळालेले उत्तर, की आपला धर्म कर्मकांडाचा नाही, मला फार अपुरे वाटले. शेजाऱ्याच्या निष्ठेला कर्मकांड म्हणून मोडीत काढणे हे आपल्या आळसावरचे पांघरूण होऊ नये. आणि आपल्यात नव्हते, हेही खरे नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने 1963 साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिले की उपवासकाळातील प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि वैयक्तिक असू नये, ते बाह्य आणि सामाजिकही असावे. म्हणजे ज्या महासभेचे नाव घेऊन आपण जुने उपवास सैल केले, तिनेच सामाजिक उपवासाची मागणी केली होती. सर्वांनी अगदी एकसारखेच करावे, असा माझा हट्ट नाही. कोणी एक दिवस, कोणी दोन दिवस, कोणी चाळीस तास उपवास धरतात, ही भिन्नता दुसऱ्या शतकातच होती, आणि बिशप इरेनियसने तेव्हाच रोमच्या बिशपला लिहिले होते की उपवासातला हा फरक आपल्या विश्वासाच्या ऐक्याला बळकटीच देतो. परंपरा वेगळ्या असू शकतात. प्रत्येकाने आपापल्या खोलीत, आपापल्या सोयीने, कोणालाही न कळता काहीच न करणे, ही मात्र परंपरा नव्हे.

आता नियमवाल्यांकडे वळतो. शुक्रवारी मटण-चिकन वर्ज्य, मासळी चालते, हा नियम ज्या काळात आणि ज्या प्रदेशांत रुळला तिथे मांस हे श्रीमंतीचे अन्न होते. ठाण्याच्या मासळीबाजारात आज पापलेटचा भाव विचारून पाहावा. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट ही प्रार्थना आटोपून घरी यावे आणि सुरमईचे जाड तुकडे, कोलंबीचे कालवण, वर सोलकढी असे जेवावे, तर नियम अक्षरशः पाळला गेला आहे आणि घरातला खर्च एरवीच्या दुप्पट झाला आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी, असे आपण साबुदाण्याच्या खिचडीविषयी म्हणतो. ते आपल्यालाही तितकेच लागू आहे. नियम पोकळ झाला की काय होते, हे युरोपने पाहिले आहे. फ्रान्समधल्या रूआं शहराच्या कॅथेड्रलचा एक उंच मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो, कारण उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशातून तो उभा राहिला, असे परंपरा सांगते. अशाच सवलतींच्या बाजारावर 1520 साली धर्मसुधारक ल्यूथर संतापला, आणि 1522 च्या उपवासकाळात झुरिकमध्ये ख्रिस्तोफ फ्रोशाउअर या छपाईवाल्याच्या घरी मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले. तिथला सुधारक झ्विंग्ली याने स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांचे समर्थन प्रवचनातून केले. त्यांचा राग रास्त होता. पण आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांनी पुढचा इतिहासही वाचावा. ल्यूथरने आपल्या लघु प्रश्नोत्तरीत उपवासाला चांगली बाह्य शिस्त म्हटले आहे आणि कॅल्व्हिनने आपल्या मुख्य ग्रंथात मंडळीच्या सार्वजनिक उपवासाची आवर्जून शिफारस केली आहे. सुधारकांनी उपवासाचा बाजार मोडला, उपवास मोडला नाही.

मागणीसाठीच्या उपवासाविषयी थोडक्यात बोलतो, कारण ज्यांचे खरोखर अडले आहे अशा माणसांच्या आर्ततेवर टीका करण्याची माझी इच्छा नाही. बेकार मुलासाठी आई उपाशी राहून प्रार्थना करते, तिचे अश्रू खरे आहेत. बायबलमधल्या निनवे शहराच्या लोकांनीही संकट टळावे म्हणून उपवास केला आणि देवाने त्यांचे ऐकले. पण पवित्र शास्त्रात दावीद राजाही आहे. बाळ आजारी असताना तो सात दिवस जमिनीवर पडून उपवास करत राहिला, बाळ गेले, आणि तो उठला, न्हाला, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन त्याने नमन केले आणि मग तो जेवला. त्याच्या उपवासाने सौदा केला नव्हता, म्हणूनच नकार मिळाल्यावरही त्याला नमन करता आले. नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा बळकावण्यासाठी ईजबेल राणीने उपवासच जाहीर केला होता, आणि पौलाला ठार मारीपर्यंत अन्नपाणी घेणार नाही अशी शपथ घेतलेले चाळीसहून अधिक लोकही उपाशीच होते. भूक स्वतःहून पवित्र नसते. ती कोणासाठी सोसली, यावर सगळे अवलंबून आहे, आणि एकवीस दिवसांच्या यादीत फक्त माझ्याच घरच्या मागण्या असतील तर भुकेल्या शेजाऱ्याला त्या यादीत जागा कुठे?

ज्यांना उपवास हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा छंद वाटतो, त्यांचा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पहाटेपासून पोती वाहणाऱ्या माथाडी कामगाराला उपवासाचा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा? नाक्यावर उभे राहून दहा वाजेपर्यंत कोणीच कामाला नेले नाही, अशा मजुराच्या घरी त्या रात्री जे होते त्याला काय म्हणायचे? मधुमेही, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका, खाण्याच्या विकाराशी झगडणाऱ्या मुली, यांना उपाशी राहायला सांगणे क्रूरपणा आहे. कोणत्याही धर्मगुरूने किंवा पाळकाने ते सांगू नये. चर्चचा कायदाही ते सांगत नाही. कॅथलिक नियमानुसार उपवास अठराव्या वर्षापासून साठावे वर्ष लागेपर्यंतच बंधनकारक आहे, त्यातही दिवसात एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडे खाणे चालते, आणि आजारी व कष्टकरी यांना त्यातून मोकळीक आहे. पोप सहावे पॉल यांनी 1966 साली उपवासाचे नियम नव्याने घालून दिले, तेव्हा त्यांनी स्पष्ट भेद केला: जिथे सुबत्ता आहे तिथल्या ख्रिस्ती माणसाने संयमाची साक्ष द्यावी, आणि ज्यांचे जीवनच ओढाताणीचे आहे त्यांनी आपले सोसणे प्रार्थनेत अर्पण करावे. म्हणजे हा आक्षेप उपवासाविरुद्ध जात नाही, तो उपवास कोणावर येतो हे सांगतो. घोडबंदर रोडच्या किंवा पाम बीच रोडच्या सोसायटीत राहणाऱ्या, दोन पगार घरात येणाऱ्या, प्रकृतीने धडधाकट अशा आपल्यासारख्यांवर तो येतो. माथाडी कामगाराची ढाल पुढे करून आपण मागे लपणे बरे नव्हे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. गरिबाला द्यायचेच असेल तर उपाशी कशाला राहायचे? पोटभर जेवून, फोनवरून दोन मिनिटांत पैसे पाठवता येतात. गरिबाला मिळणाऱ्या रुपयात काही फरक पडत नाही. हिशेबाने पाहिले तर हे खरे आहे, आणि जे जेवून देतात त्यांना मी कमी लेखत नाही. पण देणाऱ्यात पडणारा फरक हिशेबात धरायचा की नाही? उरलेल्यातून दिलेले दान आपल्या राहणीला धक्का लावत नाही. देणारा वर, घेणारा खाली, ही उतरंड जशीच्या तशी राहते. ताटातून काढून दिले की आपले काहीतरी त्याच्याकडे जाते आणि त्याचे काहीतरी, म्हणजे त्याची रिकामी रात्र, थोडी का होईना आपल्याकडे येते. आमच्या घरी उपवासकाळातल्या शुक्रवारी रात्री उकड्या तांदळाची पेज, लोणचे आणि भाजलेला पापड एवढेच असते, आणि एरवी त्या रात्री बाहेरून मागवण्यावर जे सातआठशे रुपये गेले असते ते आधीच पाकिटात घालून ठेवलेले असतात. नऊ वाजता मुलांना भूक लागते. नूडल्स मागवू या, अशी मागणी येते. पैसे पाकिटात गेले आहेत आणि पाकीट आता आपले नाही, हे सांगावे लागते. त्या क्षणी जे बोलणे घरात होते, ते एरवी वर्षभरात कोणत्याही प्रवचनाने घडत नाही: मग रोजच असे होत असेल त्यांचे काय, त्यांची मुले झोपतात कशी, शाळेत लक्ष कसे लागते. पैसे पाठवल्याची पावती हे प्रश्न विचारायला लावत नाही.

हे फक्त घरगुती पातळीवरच होऊ शकते, असेही नाही. मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून एक रीत चालत आली आहे: स्वयंपाकाला तांदूळ घेताना घरची बाई एक मूठ बाजूला काढून ठेवते, मंडळी तो तांदूळ गोळा करते, विकते आणि त्यातून सेवाकार्य चालते. श्रीमंत नसलेल्या एका समाजाने मुठीमुठीतून केवढे उभे केले! जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी 1958 साली, युद्धाची राख अजून पुरती निवलेली नसताना, जगातल्या भुकेविरुद्ध उपवासकाळातली मोहीम सुरू करायचे ठरवले; ‘मिझेरिओर’ ही संस्था त्यातून जन्मली आणि भारतातल्या कितीतरी विकासकार्यांना तिचा हातभार लागला आहे. म्हणजे कोलोन किंवा आखेनमधल्या कोणा कुटुंबाने टाळलेल्या जेवणातून आपल्याकडच्या एखाद्या गावात विहीर झाली असेल. आपल्या धर्मग्रामांतही उपवासकाळात दानाची पाकिटे वाटली जातात, पण बहुतेक घरांत ते पाकीट फ्रिजवर पडून राहते आणि शेवटच्या रविवारी घाईघाईने खिशातली एक नोट त्यात जाते. पाकीट आहे, उपवास आहे. दोघांची गाठ तेवढी सुटली आहे. ती पुन्हा बांधायला कोणत्याही महासभेच्या ठरावाची गरज नाही.

यशयाच्या त्याच अध्यायातली एक ओळ आपण प्रवचनांत क्वचितच ऐकतो. उपासाच्या दिवशी तुम्ही आपला मतलब साधता आणि आपल्या सर्व मजुरांना राबवता, असा देवाचा आरोप आहे. उपवासाच्या संध्याकाळी घरी प्रार्थनासभा ठेवायची, वीस माणसांसाठी फराळ करायचा, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाईंना रात्री साडेनऊपर्यंत थांबवून घ्यायचे, हे कळव्यापासून सीवूड्सपर्यंत किती घरांत होत असेल? त्या बाईंची शेवटची बस चुकली तर तो उपवास कोणाचा झाला? रिक्षाने सोडण्याचे पैसे, वेळेवर पगार, आठवड्याची एक सुट्टी, या गोष्टी उपवासाच्या चर्चेत विषयांतर वाटत असतील तर यशयाने सगळा अध्यायच विषयांतरात घालवला, असे म्हणावे लागेल. करिंथच्या मंडळीत पौलाला जे दिसले ते याहून वेगळे नव्हते: प्रभुभोजनाला एकत्र आलेल्यांपैकी एक भुकेला राहतो आणि एक मस्त होतो, आणि तरीही सगळ्यांना वाटते की आपण उपासना केली.

शेवटचा अडथळा आपल्या काळाचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. ख्रिस्ती माणसाने बाहेर कोणाला अन्न दिले की धर्मांतराचा संशय घेतला जातो, म्हणून पुष्कळजण म्हणतात की नकोच ते, आपापसात काय ते करू. भीती खरी आहे. तिला भ्याडपणा म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण उपवासाच्या अन्नाला पत्रिकेची, पुस्तिकेची, बॅनरची गरज नसते, किंबहुना मत्तयच्या सहाव्या अध्यायातली गुप्तता पाळायची खरी जागा इथे आहे. सरकारी रुग्णालयाच्या आवारात रात्र काढणाऱ्या नातेवाईकांना जेवण देणारी मंडळे ठाण्यात आहेत, वस्तीतल्या मुलांना नाश्ता देणारे शिक्षक आहेत, आणि ते बहुतेक ख्रिस्ती नाहीत. आपली रक्कम त्यांच्या हाती द्यावी, पावती घ्यावी, भाजी चिरायला चार माणसे पाठवावीत, आणि ताट कोणाच्या नावाने वाढले गेले हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे. येत्या राखेच्या बुधवारापूर्वी धर्मग्रामाच्या बैठकीत मी एवढाच ठराव मांडणार आहे, आणि नेरूळच्या ज्या पाळकांशी एकवीस दिवसांवरून माझा मतभेद आहे, त्यांनाही तो पाठवणार आहे, कारण त्यांच्या मंडळीइतकी मनापासून उपाशी राहणारी माणसे आमच्याकडे नाहीत.